उभी बाग आणि मासे: मराठवाड्याच्या उन्हात घरचं शेडनेट कसं चालवायचं

तुराटी (परभणी)

टाकीत मासे, शेजारी खडीचा वाफा, मधे पंप आणि तेच पाणी गोल फिरत राहतं. ॲक्वापोनिक्सचं हे चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. माझं म्हणणं असं की आपल्या आठ जिल्ह्यांत घरगुती पातळीवर हे पाणी गोल फिरवू नका. माशांचं पाणी उभ्या कुंड्यांतल्या मातीला द्या आणि ते तिथंच संपू द्या. टाकीत रोज तेवढंच नवं पाणी घाला. कुंड्यांना पाणी लागणारच आहे, ते आधी माशांच्या टाकीतून जाऊ द्यायचं. का, ते सविस्तर लिहितो.

आपल्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं. बहुतेक ठिकाणी पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधला) आठच्या आसपास आणि क्षार भरपूर. मासे अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट झाडांना खत म्हणून लागू पडतं. इथवर ठीक. पण त्या अमोनियाचा विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग सात-साडेसात टक्क्यांवर जातो. दुसरीकडच्या लोकांनी 'एवढा अमोनिया चालतो' म्हणून सांगितलेला आकडा आपल्याकडं माशांच्या जिवावर उठतो, तो यामुळं. झाडांची बाजू पाहिली तर त्यांना साडेपाच ते साडेसहाचा पीएच मानवतो. आठच्या पाण्यात लोह असलं तरी मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

गोल फिरणाऱ्या पाण्याचं आणखी एक दुखणं आहे. मे महिन्यात उघड्या टाकीतलं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर खाली जातं. पाणी उडतं, क्षार मागं राहतात. वरून आपण परत बोअरचंच पाणी घालतो, म्हणजे आणखी क्षार. पाणी एकाच दिशेनं मातीत गेलं की हे साचणं थांबतं. मातीत पीएचचा ताण कमी होतो, शेणखतातून लोह आणि पोटॅश मिळतं, आणि टाकीच्या तळाचा गाळसुद्धा वाया जात नाही.

आता मापं. ५०० लिटरची टाकी धरा. त्यात एकूण वजन दोन-तीन किलोच्या वर जाईल इतके मासे ठेवू नका. दोन किलो माशांना वजनाच्या दीड टक्का म्हणजे रोज ३० ग्रॅम खाद्य लागतं. त्यात ३२ टक्के प्रथिनं असली तर दिवसाला साधारण एक ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो, म्हणजे ५०० लिटरमध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम, आणि तेही रोज. टाकीतलं दहावा हिस्सा म्हणजे ५० लिटर पाणी रोज काढलं तरी हा अमोनिया नुसत्या पाणीबदलानं आवरत नाही. म्हणून जिवाणूंना राहायला जागा हवीच. पन्नास लिटरचा ड्रम, त्यात धुतलेली खडी किंवा विटांचे तुकडे, खालून पाणी आत आणि वरून परत टाकीत. छोट्या पंपावर हे चोवीस तास चालू राहतं. एवढं एक फिरणं मात्र ठेवायचं. जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासे अगदी थोडे आणि खाद्य चिमूटभर. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. ते घेतल्याशिवाय मासे आणू नका.

सुरुवात मृगानंतर करा. ऊन उतरलेलं असतं, पावसाचं पाणी मिळतं आणि माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंही, पावसाळ्यातच मिळते. एप्रिलमध्ये टाकी मांडणाऱ्याला पहिल्याच महिन्यात सगळ्यात अवघड हवामानाला तोंड द्यावं लागतं. पाणी २० अंशांवर असताना त्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर सातच्या जवळ. माशांना पाचच्या वर लागतो. म्हणजे नेमका मे महिन्यात हात राखायला काहीच उरत नाही. टाकी सावलीत, जमिनीवर, जमलं तर निम्मी जमिनीत पुरलेली असावी. वरून झाकण किंवा जाळी, बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. आपल्या कोरड्या हवेत रांजणासारखं पाणी गार राहतं.

उभ्या कुंड्यांत मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते पोतं. धान्याचं सुतळी पोतं घ्या. तळ कापलेला रंगाचा डबा पोत्यात मधोमध उभा करा, डब्यात मुठीएवढे दगड भरा आणि भोवतीनं माती. मग डबा वर ओढून घ्या, पुन्हा दगड, पुन्हा माती. शेवटी पोत्याच्या मधून दगडांचा खांब तयार होतो आणि वरून घातलेलं पाणी त्या खांबातून तळापर्यंत सारखं झिरपतं. हा खांब नसेल तर वरचा फूटभर चिखल आणि खालचा भाग कोरडा राहतो. बाजूला वीतभर अंतरावर, एकाखाली एक न येतील अशा बेतानं चिरा द्यायच्या आणि त्यात रोपं खोचायची. माती निव्वळ काळी नको. ती फुगते, आकसते आणि भेगा पडून मुळं तोडते. एक भाग काळी माती, एक भाग मुरमाड माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग सोयाबीनचं कुजलेलं भुसकट किंवा धुतलेलं कोकोपीट, हे मिश्रण मोकळं राहतं. सुतळीचं पोतं वर्षभरात कुजतं. जास्त टिकायला हवं असेल तर प्लास्टिकचं घ्या, पण उन्हात तेही फाटतं, म्हणून सावली हवीच.

निळा २०० लिटरचा ड्रम वापरणार असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. चार इंची पाइपाचा टॉवर करताना खाच पाडायला गॅसची ज्योत लावतात, ते करू नका. पीव्हीसी जळला की निघणारा धूर घातक असतो. करवतीनं आडवी चीर द्या, हॉट एअर गननं तेवढाच भाग मऊ करा आणि बाटलीच्या तोंडानं बाहेर ओढून ओठ काढा.

हरितगृह म्हटलं की लोक प्लास्टिक कागद आणतात. आपल्याकडं कागदाखाली उन्हाळ्यात भट्टी होते. साधं शेडनेट घ्या, ५० टक्के सावलीचं, आणि मे महिन्यापुरता वरून दुसरा पदर. पश्चिमेची बाजू तुराट्यांच्या कुडानं बंद करा. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन वरच्या नेटला चुकवून बाजूनं आत येतं आणि पोत्याची तीच बाजू भाजते. नेट काढता येईल असं बांधा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा, पक्कं बांधलेलं नेट सांगाड्यासकट आडवं होतं.

मांजराकाठ (लातूर)

तुराटीदादा, मनापासून लिहिलंय, पण एक विचारतो. २०१६ मध्ये आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय. तेव्हापासून घरात पाण्याचा एक तांब्या सांडला तरी आई बोलते. अशा गावात ५०० लिटर पाणी माशांसाठी भरून ठेवा म्हणून मी घरी कसं सांगू? आणि रोज ५० लिटर आणू कुठून?

तुराटी (परभणी)

तुमची शंका रास्त आहे, आणि पाणी नसेल तर टाकी मांडूच नये, हे मी आधी म्हणेन. पण हिशोब करून बघू. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के पाणी पन्हाळीनं खाली आलं तर २४,००० लिटर होतात. तेवढं साठवायची जागा कुणाच्याच घरी नसते. ५,००० लिटरची एक टाकी मात्र बऱ्याच घरांत बसते. त्यात निम्मं बोअरचं मिसळून रोज ५० लिटर काढलं तर पावसाळ्यानंतर दोनशे दिवस पुरतं. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल. मे महिन्यात मासे काढून टाकायचे किंवा मोजकेच ठेवायचे आणि खाद्य निम्म्यावर आणायचं.

पावसाचं निव्वळ पाणीही नको बरं का. त्यात क्षार जवळजवळ नसतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्याची आम्ल झेलायची ताकद खर्च होते आणि निव्वळ पावसाच्या पाण्यात पीएच एका रात्रीत घसरू शकतो. बोअरचं थोडं मिसळलं की तो धोका टळतो. आपलं जड पाणी इथं उपयोगी पडतं.

एक राहिलं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका, त्यात मूळ पाण्याच्या कितीतरी जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला ठीक. नळाचं पाणी घालायचं असेल तर आधी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. तो माशांनाही बाधतो आणि खडीतल्या जिवाणूंनाही.

गच्चीवाली (नांदेड)

दादा, आमच्या घराला अंगणच नाही, आहे ती गच्ची. दोन मजल्यांच्या वर. तिथं टाकी आणि दहा-बारा पोती ठेवली तर चालेल ना? आणि आमच्याकडं माळकरी घर आहे, मासे खाण्यासाठी नकोत. मग हे सगळं आमच्या काय कामाचं?

ओळंबा (धाराशिव)

ताई, गच्चीचं मी सांगतो, माझा धंदाच तो आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो चलभार (माणसं, सामान यांचं वरून येणारं वजन) धरलाय. आता बघा. एक फूट उंच पाणी म्हणजेच चौरस मीटरला ३०० किलो. खडी तर घनमीटरला सोळाशे किलोच्या घरात. माती भरलेलं ओलं पोतं शंभर किलोपर्यंत जातं. म्हणून दहा पोती स्लॅबच्या मधोमध एका ठिकाणी मांडू नका. कडेच्या भिंतींलगत, खाली तुळई किंवा खांब आहे तिथं, अंतर ठेवून एकेक मांडा. ५०० लिटरची टाकी गच्चीवर नकोच, ती खाली ठेवा आणि पाणी पंपानं वर चढवा. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. पोत्याखाली दोन विटा ठेवा, म्हणजे झिरपलेलं पाणी वाहून जाईल आणि कुठं मुरतंय ते दिसेल.

ज्यांचं जुनं माळवद आहे त्यांनी वर एक कुंडीसुद्धा वाढवायच्या आधी गवंड्याला दाखवावं. लाकडी सरं आतून कुजलेलं बाहेरून कळत नाही.

तुराटी (परभणी)

ओळंबा, आभार, हे फार गरजेचं होतं. गच्चीवालीताई, माळकरी घरात कोई किंवा गोल्डफिश पाळा. पाण्याला खत तितकंच मिळतं. मासा खाण्यासाठी वाढवायचा की नाही, याचा भाजीशी काही संबंध नाही.

बोटुकली (उदगीर)

आमच्या उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथंच शिकतोय, म्हणून माशांपुरतं लिहितो.

सुरुवातीला सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प घ्या. कोई ही त्याचीच रंगीत जात. आपल्याकडं पाण्याचं तापमान हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खूप बदलतं आणि हा मासा दोन्हीकडं तग धरतो. परभणीत थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पंगस वाढतो भराभर, पण पाणी २० अंशांच्या खाली गेलं की खाणं सोडतो आणि आजारी पडतो. रोहू-कटला तळ्याचे मासे, लहान टाकीत त्यांची वाढ खुंटते. शिंगी आणि देशी मागूर पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात, त्यामुळं वीज गेली तरी जास्त वेळ टिकतात. मरळही तसाच, पण तो लहान माशांना खातो आणि टाकीतून उडी मारतो.

मागूर घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूरही म्हणतात, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. बी विकणारे कधी कधी तोच देशी म्हणून खपवतात. तो ओढ्या-नदीत गेला तर स्थानिक माशांचा फडशा पाडतो. तिलापिया पाळायला शासनाची परवानगी लागते, म्हणून घरच्या टाकीसाठी त्याच्या नादी लागू नये.

बोटुकली आणली की पिशवी थेट ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला आणि मासे आपणहून बाहेर पडू द्या. पहिल्या दिवशी खाद्य नाही. नंतर पाच-दहा मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं खाद्य तळाला कुजतं आणि अमोनिया वाढवतं. उन्हाळ्यात खाद्य सकाळी द्या. खाल्ल्यावर माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, म्हणून रात्री भरपूर खाद्य देणं घातक. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की खाद्य बंद, हवेचा पंप जोरात आणि लगेच थोडं ताजं पाणी.

शेवगा (छत्रपती संभाजीनगर)

तुराटी, तुमचा आदर आहे, पण 'गोल फिरवू नका' याच्याशी मी सहमत नाही. मी खडीचा वाफा आणि बेल सायफन (वाफा भरला की पाणी आपोआप खाली ओढून घेणारी नळी) चालवतो आणि पालक, पुदिना, लेट्यूस मातीपेक्षा लवकर तयार होतात. तण नाही, निंदणी नाही. मी सुरुवातच पावसाच्या पाण्यावर केली, बोअरचं पाणी फक्त चवीपुरतं. जिवाणूंमुळं पीएच महिन्यागणिक आपोआप खाली येत सातला आला. लोकांनी धीर धरला पाहिजे. पीएच आठ दिसला की लिंबू पिळणारे लोक पाहिलेत. लिंबातलं आम्ल जिवाणूंनाच मारक ठरतं आणि दोन दिवसांनी पीएच परत जागेवर येतो.

खडीबद्दल सांगतो. आपली काळी खडी चांगली, पण आपल्या पाषाणाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे खडे भरलेले असतात, त्यातले काही चुन्याचे निघतात. नदीच्या वाळूतही चुनखडी असते. मूठभर खडी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर ती खडी पीएच खाली येऊच देणार नाही. २० मिलिमीटरची खडी घ्या, कच संपूर्ण धुऊन काढा.

सायफनचं माप लोक नेहमी विचारतात. उभा पाइप एक इंची, त्यावर झाकणारी बेल अडीच इंची, बाहेर खडी अडवायला चार इंची जाळीदार पाइप. वाफा एक फूट खोल आणि उभ्या पाइपचं तोंड खडीच्या वरच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली. वरची दोन इंच खडी कायम कोरडी राहते, म्हणून शेवाळ आणि चिलटं होत नाहीत. पाणी कमी येत असेल तर सायफन सुरूच होत नाही, पाणी नुसतं पाइपच्या कडेवरून ओघळत राहतं. जास्त येत असेल तर तो तुटत नाही. पंपाला वॉल्व्ह लावून एकदाच शांतपणे जुळवून घ्या. पाणी उतरताना खडीत हवा ओढली जाते आणि मुळांना व जिवाणूंना तीच हवी असते. वाफा टाकीएवढा मोठा करू नका. भरताना तो स्वतःच्या चाळीस टक्के पाणी पितो, मग टाकीतले मासे उघडे पडायची वेळ येते.

लोह पाण्यात विरघळलेलं धरून ठेवायला वापरतात ते साधं ईडीटीए आपल्या पीएचला टिकत नाही. ईडीडीएचए रूपातलं लोह घ्या. कृषी सेवा केंद्रात मिळतं. जालन्याच्या मोसंबीवाल्यांना विचारा, चुनखडीच्या जमिनीत ते हेच वापरतात. सहा टक्क्यांचं असेल तर ५०० लिटरला सतरा ग्रॅममध्ये लिटरला दोन मिलिग्रॅम लोह होतं. पाणी लालसर होतं, घाबरू नका.

तुराटी (परभणी)

शेवगा, पावसाचं पाणी साठवायची सोय आहे आणि रोज टाकीकडं बघायची सवड आहे, त्यानं तुमच्याच पद्धतीनं जावं, यात वाद नाही. सायफनचं इतकं नीट वर्णन मराठीत मी वाचलं नव्हतं. माझा सल्ला बोअरवर अवलंबून असणाऱ्या आणि दिवसभर कामावर जाणाऱ्या माणसासाठी आहे. तुमच्याकडं पंप थांबला की वाफा आणि मासे दोन्ही अडचणीत येतात. मातीचं पोतं दोन दिवस वाट बघतं. वीज जायचं आपल्याकडचं प्रमाण पाहता ते दोन दिवस मला मोलाचे वाटतात.

कूलरदुरुस्ती (हिंगोली)

विजेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहायलोय. बहुतेक लोक टाकीला कूलरचा पंप लावायलेत. स्वस्त आहे, चालतोय बी. पण कूलरच्या करंटनं दर उन्हाळ्यात माणसं जायलेत, हे आपण सगळे पेपरात वाचतो. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचाच, मग कितीबी घाई असो. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, अर्थिंग तपासून घ्या. वायर टाकीतून सरळ बोर्डाकडं चढवू नका, बोर्डाच्या खाली तिला झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडतं, बोर्डात शिरत नाही.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेलं लिटरचं माप शून्य उंचीचं असतं. पाच फूट वर चढवलं की निम्म्यावर बी येऊ शकतं. घ्यायच्या आधी उंची मोजा. आणि वीज गेल्यावर पाणी फिरवायच्या भानगडीत पडू नका, फक्त हवा चालू ठेवा. १२ व्होल्टचा हवेचा पंप जुन्या गाडीच्या बॅटरीवर रात्र काढतो.

मांजराकाठ (लातूर)

गप्पी मासे चालतील का? आमच्याकडं आरोग्यवाले हौदात सोडायला देतात.

बोटुकली (उदगीर)

चालतील, पण खतासाठी त्यांचा काही भरवसा नाही, इवलासा जीव तो. डासांच्या अळ्या खायला मात्र उत्तम. पावसाच्या साठवणीच्या टाकीत आणि खडीच्या ड्रमात सोडा. डेंगीचा डास असल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून झाकण किंवा गप्पी, दोन्हीतलं एक तरी हवंच. ओढ्यात-विहिरीत नेऊन सोडू नका तेवढं.

अंबाडीची_भाजी (अंबाजोगाई)

लेकरांनो, टाक्या-पंपाचं तुमचं चालू द्या. मी पोत्यात काय लावावं ते सांगते. माझ्या अंगणात पोती आहेत, पाणी हौदाचं, हौदात रंगीत मासे नातवानं आणून सोडलेत.

उन्हाळ्यात कोथिंबीर, पालक, मेथीच्या मागं लागू नका. कोथिंबीर उगवली तरी बोटभर झाल्या झाल्या फुलावर येती. चैत्र-वैशाखात तांदुळजा, अंबाडी, घोळ आणि मायाळू लावा. तांदुळजा वरून खुडला की परत फुटतो. मायाळूचा वेल कुडावर चढवला की पश्चिमेला आयतीच सावली होती. मृग पडला की दोडका-कारलं कुडाला, पोत्याच्या माथ्यावर मिरची. दिवाळीनंतर मग मेथी, चुका, शेपू, पालक, कोथिंबीर, काय लावाल ते. चुका तर पोत्याच्या चिरांत इतका छान येतो की दाण्याचं कूट घालून भाजी केली तर भाकर दोन घास जास्त जाती.

पोत्याच्या माथ्याला ऊन जास्त आणि ओल कमी, तळाला ओल जास्त. म्हणून वर ओवा, तुळस, मिरची असलं काटक, आणि खाली पुदिना, पालक. पोतं आठवड्याला थोडं फिरवत जा, नाहीतर एकीकडची भाजी तरारती आणि दुसरीकडची उन्हाच्या शोधात लांबट होती.

आणखी एक, माशाचं पाणी पाल्यावर शिंपडायचं नाही. बुडाशी घालायचं. पाला कच्चा खायचा असेल तर चांगल्या पाण्यानं धुवायचा. हौदावर पाखरं बसतात, मांजरं येतात, त्या पाण्याचा काय भरवसा.

गच्चीवाली (नांदेड)

मावशी, किती छान सांगितलंत! टाकी खाली घराशेजारच्या बोळात ठेवायचं आमच्या घरी ठरतंय, पोती वर तुळईच्या रेषेत. आता रोजचं ५० लिटर वर कसं पोचवायचं? बादल्यांनी शक्य नाही. ठिबक चालेल का?

तुराटी (परभणी)

ताई, पंपानं रोज सकाळी वरच्या एका छोट्या टाकीत पाणी चढवा. ती पोत्यांच्या माथ्यापेक्षा तीन-चार फूट उंच, तुळईवर ठेवा. पंप आधी माशांच्या टाकीच्या तळाशी धरा, म्हणजे गाळही वर येईल. दोन मजल्यांची उंची कूलरच्या पंपाला झेपणार नाही, जास्त उंचीचा वेगळा पंप घ्या आणि तो रोज पाच-दहा मिनिटंच चालवा.

वरच्या टाकीतून १६ मिलिमीटरची नळी आणि प्रत्येक पोत्याच्या दगडी खांबावर एक साधी मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी. शेतातले दाब सांभाळणारे ड्रिपर इतक्या कमी उंचीवर नीट चालत नाहीत आणि माशांच्या पाण्यातला गाळ त्यांना लगेच बुजवतो. मायक्रोट्यूब बुजली तर फुंकर मारून मोकळी होते. टाकीच्या तोंडाशी जुन्या सुती साडीचे दोन पदर बांधा, त्यात अडकलेला गाळ आठवड्यानं काढून पोत्याच्या माथ्यावर पसरा. नळीच्या टोकाला टोपण लावा आणि ते अधूनमधून काढून नळी धुऊन घ्या. पावसाळ्यात पोती आधीच ओली असतील तेव्हा हेच पाणी खाली तुळशीला, पपईला, जिथं माती आहे तिथं जाऊ द्या. पण टाकीतून काढणं थांबवू नका, नाहीतर नायट्रेट साचत जातं.

मांजराकाठ (लातूर)

मी दोन पोती आणि एक ड्रम एवढ्यावर सुरू करतोय, मासे पाऊस पडल्यावर. शेवटचं विचारतो. चवळीवर मावा फार येतो. निंबोळी अर्क मारला तर चालेल ना, ते तर सेंद्रिय आहे?

तुराटी (परभणी)

सेंद्रिय असलं तरी माशांच्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही. निंबोळीचं तेल आणि त्यात मिसळायचा साबण, दोन्ही माशांना बाधतात. पाणी एकाच दिशेनं जातंय, त्यामुळं पोत्यावर मारलेलं टाकीत परत येत नाही, एवढी सोय तुमच्याकडं आहेच. पण वाऱ्यानं उडालेला फवारा टाकीत पडतो. फवारायच्या आधी टाकी पूर्ण झाका, वारा पडलेल्या वेळी मारा, आणि फवारणीचे हात, फवारणीचा पंप, बादली टाकीच्या पाण्यात बुडवू नका. तांब्याचं भांडंही टाकीत नको, तांबं माशांना विषारी.

मावा थोडा असेल तर फवाऱ्याची गरजच नाही. सकाळी पानाच्या खालच्या बाजूनं साध्या पाण्याची जोराची धार मारा, तीन-चार दिवस लागोपाठ. शेंड्याचा भाग काळा झाला असेल तर तेवढा खुडून पिशवीत बांधून टाका. चवळीवर ठिपके असलेले लाल ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, त्यांच्या अळ्या मावाच खातात.

ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारलंत ना?

मांजराकाठ (लातूर)

विचारलं. खाद्यतेलाचा आहे, ओळखीच्या किराणावाल्याकडून घेतलाय. गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन उन्हात उपडा घातलाय.